मेन्यूतील नावे येतात कोठून?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा मेन्यू उघडला की प्रोग्रॅमची लांबलचक यादी समोर येते. त्यातील कित्येक नावे आपल्याला कधीच लागत नाहीत. शाळेचा संगणक तर अनेकांचा! मग इतरांच्या यादीला धक्का न लावता आपली यादी बदलता येईल का? येईल. कशी, ते पाहू.

स्वयंपाकघरातील फळीवरचे डबे आठवा. डब्यावर चिठ्ठी असते. ती काढली म्हणून आतली डाळ नाहीशी होत नाही. मेन्यू म्हणजे अशा चिठ्ठ्यांची यादी होय. प्रत्येक चिठ्ठी ही एक छोटी मजकुराची फाइल असते आणि तिच्या नावाचा शेवट 'डॉट डेस्कटॉप' असा असतो. तिच्यातील 'नेम' ही ओळ नाव सांगते, 'आयकॉन' चित्र, 'कॅटेगरीज' गट, तर 'एक्झेक' ही ओळ कोणती आज्ञा चालवायची ते सांगते. (फाइलमध्ये हे शब्द रोमन लिपीत असतात.) हॅवॉक पेनिंग्टन यांनी 2000 साली सुरू केलेल्या 'फ्रीडेस्कटॉप' प्रकल्पात याचे समान नियम ठरले. म्हणून ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे निरनिराळे डेस्कटॉप एकच चिठ्ठी वाचू शकतात.

बहुतेक चिठ्ठ्या 'यूएसआर' फोल्डरमधील 'शेअर' व त्यातील 'ॲप्लिकेशन्स' येथे असतात. त्या सर्वांच्या सामाईक. त्यांना हात लावण्यास व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. शिवाय प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की तेथील बदल पुसले जाऊ शकतात. परंतु तुमच्या स्वतःच्या फोल्डरातही 'डॉट लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' अशी जागा असते; नसल्यास करता येते. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर संगणक तुमची मानतो. सारे मर्म या नियमात आहे!

आता प्रयोग करा. तुमचे खाते स्वतंत्र हवे. 'डॉट'ने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात. बहुतेक ठिकाणी कंट्रोल व एच दाबल्यास दिसतात. 'जिंप' या चित्रांच्या प्रोग्रॅमची चिठ्ठी आपल्या जागी उतरवून घ्या. तिच्यातील 'नेम'च्या ओळीखाली 'नोडिस्प्ले', बरोबरचे चिन्ह आणि 'ट्रू' असे लिहा. जिंप मेन्यूतून जाईल, पण संगणकातून नव्हे. नाव मराठीत हवे असेल, तर 'नोडिस्प्ले' न लिहिता 'नेम'पुढचे नाव बदला. काही चुकले? आपली प्रत पुसा. मूळ चिठ्ठी पुन्हा लागू होईल.

एक मात्र ध्यानात ठेवा. नाव आणि आज्ञा या दोन वेगळ्या ओळी आहेत. चिठ्ठीवर साखर लिहून डब्यात मीठ भरता येते, तसेच येथेही घडू शकते. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेली चिठ्ठी उघडण्याआधी 'एक्झेक'ची ओळ अवश्य वाचा.