मिरवणुकीला रस्ता, मोर्चाला कुंपण!

मुंबईच्या रस्त्यावर गर्दी उतरली की दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडून पाहावे. गर्दी अनंत चतुर्दशीची असेल तर 'भक्तीचा महापूर' असा मथळा असतो. गर्दी मोर्चाची असेल तर 'मुंबईकरांचे हाल' होतात. आणि गर्दी ६ डिसेंबरची असेल तर वर्षानुवर्षे ऐकलेले रडगाणे ठरलेलेच आहे : दादरला कचरा झाला, रेल्वेत फुकटे शिरले. रस्ता तोच, वाहतुकीची कोंडी तीच, माणसेही याच देशाची. मग शब्द का बदलतात? याचे उत्तर रस्त्यावर सापडत नाही, ते रस्त्याकडे पाहणाऱ्याच्या डोक्यात सापडते.

रस्ता ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्रावणकोर संस्थानात वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे, एवढ्यासाठी १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. देवळात जाणे दूरच, बाहेरच्या रस्त्यावरही बंदी होती! आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला काय घडले? परिषदेसाठी जमलेली माणसे रांगेने, शिस्तीने गावातून चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. आपण ओंजळभर पाण्याची आठवण ठेवतो, पण त्या पाण्यापर्यंत नेणारी मिरवणूक विसरतो. चळवळीचा पहिला मोठा मोर्चा तोच होता.

मुंबईतही हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. १० जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, तर गोळीबारात दहा जणांचे बळी घेतले गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी धरले ते २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी!

पण रस्त्यानेच आपल्याला दिलेही आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम'मधील राम आणि कृष्णावरील परिशिष्ट गाळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा फेब्रुवारी १९८८ मध्ये आंबेडकरी जनतेचा लाखोंचा मोर्चा मुंबईत निघाला. अखेर ग्रंथात शासनाच्या असहमतीची टीप आली, परंतु परिशिष्ट कायम राहिले. बाबासाहेबांचा शब्द मोर्चाने वाचवला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. अर्जांनी जे झाले नाही ते पायांनी झाले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या कलम १९ (१) (ब) ने प्रत्येक नागरिकाला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार दिला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठीच. 'वाहतुकीची गैरसोय' हे शब्द त्या कलमात कुठेही नाहीत. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ साली स्पष्ट केले की, सरकार रस्त्यावरील सभांचे नियमन करू शकते, मात्र सरसकट मनाई करू शकत नाही. कोणताही निकष न देता पोलीस आयुक्तांच्या मर्जीवर परवानगी सोपवणारा नियम तेव्हा रद्द झाला. तो नियम मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालचा होता. तोच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने आपल्या डोक्यावर आहे!

धार्मिक मिरवणुकीचा हक्क तर इंग्रजांच्या काळीच मान्य झाला होता. १९२४ साली मंजूर हसन यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, कोणत्याही पंथाच्या लोकांना सार्वजनिक रस्त्यावरून मिरवणूक नेता येते. अट एवढीच की इतरांचा रस्त्याचा नेहमीचा वापर अडू नये आणि दंडाधिकाऱ्यांच्या कायदेशीर सूचना पाळल्या जाव्यात. म्हणजे तत्त्व दोघांना एकच आहे. वापरणाऱ्यांनी त्याची दोन मापे केली.

मिरवणुकीसाठी शहर रात्रभर जागे राहते. रस्ते बंद होतात, वाहतूक वळवली जाते, जादा लोकल सोडल्या जातात. लालबागची मिरवणूक सकाळी निघते आणि गिरगाव चौपाटीला पोहोचते दुसऱ्या दिवशी. आम्हाला त्याचा मत्सर नाही, तोही कष्टकऱ्यांचाच आनंद आहे. परंतु त्यातून सिद्ध एवढे होते की, ठरवले तर या शहराला रस्ता मोकळा करून देता येतो. मग मोर्चा म्हटला की आझाद मैदानाचे कुंपण का? कलम ३७ (३) खालचा मनाई आदेश पोलिसांना शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. मुंबईत मात्र एकाची मुदत संपताच दुसरा निघतो. अपवाद म्हणून लिहिलेले कलम बारमाही झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला परवानगी मिळाली ती पाच हजार माणसे आणि सकाळी ९ ते सायंकाळी ६ या अटीवर. माणसे कितीतरी अधिक आली, उच्च न्यायालयाला खडसवावे लागले आणि २ सप्टेंबरला शासनाने निर्णयाचा कागद हातात दिला. त्या आंदोलकांशी आमचे भांडण नाही. प्रश्न असा की, उद्या पाचशे कंत्राटी सफाई कामगार याच मैदानात बसले, तर सायंकाळी ६ वाजता त्यांच्याशी शासन कोणत्या भाषेत बोलेल? ज्याच्यामागे मतांची गठ्ठी, त्याच्यासाठी अट लवचीक आणि ज्याच्या हातात फक्त झाडू, त्याच्यासाठी ती लोखंडी, असे चालणार असेल तर त्याला कायद्याचे राज्य म्हणता येणार नाही.

विरोधी पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. शाहीन बाग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही आणि निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत. रुग्णवाहिका अडू नये, विद्यार्थ्याची परीक्षा चुकू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण चालत जाणारा मोर्चा रस्ता अडवून बसत नाही, तो पुढे सरकतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी काय केले? दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून ते शीवच्या सोमय्या मैदानातून रात्रीच उठले आणि फोड आलेल्या पायांनी आझाद मैदानापर्यंत चालत गेले. शिस्त गरिबाला शिकवावी लागत नाही.

आता थोडे आपल्या घराकडे. १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन रणपिसे यांनी पहिली सार्वजनिक भीमजयंती साजरी केली. आज त्याच जयंतीच्या मिरवणुकीत काय दिसते? डीजेच्या भिंती, धूर, झगमगाट, आणि मागे कुठेतरी बाबासाहेबांची प्रतिमा! ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावर समान हक्क मागणाऱ्यांनी वस्तीतल्या आजारी म्हातारीचा हक्क तुडवू नये. आपल्याकडे लेझीम आहे, भीमगीते आहेत, आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. ज्या मिरवणुकीत मागणीचा एकही फलक नाही, ती आपली असूनही आपली राहत नाही.

बांधवांनो, यापुढे मोर्चा काढताना काही गोष्टी पक्क्या करा. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि स्वयंसेवकांची नावे त्यात लिहा. पोलीस ठाण्यातला तोंडी नकार मान्य करू नका, कारणासह लेखी उत्तर मागा. कारण अवाजवी असेल तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. आणि कोणत्याही वस्तीतून मिरवणूक गेली, तर तिला दिलेल्या सवलतींची नोंद ठेवा. हाच कागद उद्या न्यायालयात समानतेचा पुरावा म्हणून दाखवता येईल.

ज्यांच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ होत होता, ते आज राजधानीच्या रस्त्यावर पंचशील ध्वज घेऊन चालतात. हा रस्ता कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही, म्हणून कोणाच्या मेहेरबानीवर तो सोडूनही द्यायचा नाही.

जयभीम!