सिकलसेल : डीएनएतलं एक अक्षर आणि मलेरिया

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन कमी पडताच हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनवतात. एरवी गोल आणि लवचीक असणारी तांबडी पेशी मग विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं-सांधे असह्य दुखतात. हा सिकलसेल. डीएनएत बदल फक्त एका अक्षराचा!

मग इतका घातक जनुक उत्क्रांतीत टिकला कसा? याचं उत्तर मला जीवशास्त्रातलं सगळ्यात देखणं वाटतं. या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. आपल्याकडे हा जनुक विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात बराच आढळतो.

आई-बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ‘एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब साफ चुकीचा. दर खेपेला शक्यता तेवढीच.

वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. सोल्युबिलिटी चाचणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री होते. लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांचीही ही तपासणी करून घ्या.