परदेशस्थ विद्यार्थ्याचे अंदाजपत्रक : कुंडल परिसराच्या संदर्भात

'जमा', 'खर्च', 'बाकी' हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठी दप्तरात आले व घरोघरी रुळले. घडून गेलेल्या व्यवहाराची नोंद करणे हे त्यांचे कार्य होय. 'अंदाजपत्रक' हा फारसी 'अंदाज' व संस्कृत 'पत्रक' यांचा संकर मात्र पुढे पाहणारा आहे. अंदाजपत्रक सरकारने किंवा ग्रामपंचायतीने करावे, घराला जमाखर्च पुरे, अशीच सर्वसाधारण समजूत असते. मूल परदेशी शिकावयास गेले की ही समजूत अपुरी पडते. उत्पन्नाचे व खर्चाचे चलन निराळे होते. आणि दोहोंचे हंगामही जुळत नाहीत.

कुंडलच्या परिसरास परदेशी शिक्षण नवे नाही. कुंडल रोड स्थानकाजवळ १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला. त्यांचे पुत्र शंतनुराव १९२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत दाखल होऊन १९२६ साली यांत्रिकी अभियंता झाले. त्या काळातही विनिमयाचा प्रश्न बिकटच होता. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, म्हणजे पौंडांतच ठरलेली होती. रुपया घसरला तरी तोशीस संस्थानास. १९२० साली ते लंडनला गेले ते मात्र स्वतःची बचत व कर्जाऊ रकमा यांच्या आधारावर, आणि हे पैसे रुपयांतले. त्या वर्षाच्या आरंभी रुपया दोन शिलिंगांहून अधिक होता. १९२१ साली तो सोळा पेन्सांच्याही खाली उतरला. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हाच असावा, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढे ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा अमेरिकेतील विद्यार्थ्याच्या घरचा खर्च एका दिवसात दीडपटीहून अधिक झाला.

आता हंगामाकडे वळू. कुंडलच्या सहकारी कारखान्याचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते व उसाचे बिल हप्त्यांनी हाती येते. द्राक्षांचा पैसा त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. विद्यापीठाची फी मात्र बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे घरात पैसा नसण्याच्या नेमक्या दिवसांत भरावी लागते. मग कर्ज आलेच. येथे एक विपरीत गोष्ट आढळते. घरची मुख्य मालमत्ता शेतजमीन. परंतु २००२ च्या तारण-वसुली कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने बँका शैक्षणिक कर्जास ती सहसा तारण म्हणून घेत नाहीत. त्यांस राहते घर, बिगरशेती जागा किंवा मुदत ठेव लागते. पाच एकर बागायत असणाऱ्याचे घरच अशा रीतीने गहाण पडते.

म्हणून अंदाजपत्रक प्रथम परकीय चलनात मांडावे व मगच त्याचे रुपये करावेत. तेही आजच्या भावाने नव्हे, काही अधिक भाव धरून. विद्यार्थ्याची अर्धवेळ मजुरी जमेच्या बाजूस आधीच मांडू नये. जर्मनीत २०२४ पासून वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. परंतु मुभा म्हणजे मिळकत नव्हे, आणि भाषा न येणाऱ्यास पहिल्या सत्रात काम मिळणे कठीणच.

जर्मनीचेच उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे जाणाऱ्यास बहुधा 'श्पेरकोन्टो' नावाच्या बंद खात्यात वर्षाची रक्कम आगाऊ ठेवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो ठरविण्यात आली. त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. वर्षाची बेरीज येथे बरोबर जमते, पण पहिला महिना फसतो. कारण घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो, आणि भाडे साडेतीनशे युरो असले तरी ती १,०५० होते. सबब प्रवासास निघताना खात्याबाहेरची वेगळी शिलक जवळ हवी. ती नसल्यास अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क जर्मन कायद्याने भाडेकरूस दिलेला आहे. नवागत विद्यार्थ्यास तो ठाऊक नसतो, आणि घरमालक होऊन सांगत नाही.