विज्ञानाचा तास आणि इंटरनेटवरचे फुकट भांडार

श्रोतेहो, घाटकोपरहून अंधेरीकडे जाऊ लागलात म्हणजे वाटेत साकीनाका लागतो. 2014 सालापासून ह्या रस्त्यावरून मेट्रो धावू लागली आहे. तिच्या खाली नाक्यावर मात्र गर्दी आहे ती आहेच, आणि खैराणी रोडला वळलात की भंगाराची दुकाने, लहान लहान कारखान्यांचे गाळे, प्लास्टिकच्या गोणी आणि मोटार वाइंडिंगवाल्यांच्या टपऱ्या. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पण गेली काही वर्षे शनिवारी ह्या भागातल्या एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना प्रयोग दाखवायला जातो. आज मला जे सांगायचे आहे ते ह्या शनिवारांनी मला शिकवले. गावाकडच्या शिक्षकांनाही ते उपयोगी पडेल असे वाटते, कारण प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, पैसा नाही, ही अडचण शहरातली असो की खेड्यातली, सारखीच आहे.

इंटरनेटवर विज्ञान शिकवण्याचे पुष्कळ साहित्य फुकट मिळते, हे आता कोणाला सांगायला नको. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे. पण ह्या भांडारात नेमके काय आहे, आणि ते वर्गात आणायचे कसे, ह्याचा विचार फारसा होत नाही. पुष्कळ ठिकाणी होते काय, की मास्तर पडद्यावर चित्रफीत लावतात, मुले ती पाहतात, घंटा होते, आणि सगळे खूश होऊन घरी जातात. मीही हेच केले होते. त्याची हकिकत अगोदर सांगतो.

अरविंद गुप्ता हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. हे मूळचे इंजिनिअर, कानपूरच्या आयआयटीतले. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला असताना 1978 साली त्यांनी वर्षभराची रजा काढली आणि मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे 1972 साली 16 शाळांतून एक उपक्रम सुरू झाला होता. मुलांनी पुस्तक पाठ न करता स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा तो उपक्रम. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब ह्यांपासून भूमितीच्या आकृत्या करायची युक्ती गुप्तांना सुचली ती त्या दिवसांत. पुढे ते पुण्याच्या आयुकात, जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेत, मुलांच्या विज्ञानकेंद्रात कित्येक वर्षे होते. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केलेल्या शेकडो खेळण्यांच्या कृती, चित्रफिती आणि हजारो पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. त्यांत मराठी पुस्तके पुष्कळ आहेत.

त्या खेळण्यांपैकी एक म्हणजे विजेची साधी मोटार. टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग, एक लोहचुंबक आणि वाइंडिंगची हातभर तांब्याची तार. बस! आमच्या मुलांना ह्यातले काही विकत घ्यावे लागले नाही. मोडक्या लाउडस्पीकरमधले चुंबक खैराणी रोडवर मिळाले, तार एका मुलाच्या मामाच्या टपरीतून आली. मी ह्या मोटारीची चित्रफीत मोबाइलवर आणि भिंतीवर दाखवली आणि म्हणालो, “चला, करा.”

तासाभरात अकरा मोटारी तयार झाल्या. फिरली एकही नाही! वेटोळे नुसते इकडे-तिकडे डुलायचे आणि थांबायचे. मुले चित्रफितीवर चिडली. “सर, त्यांची खोटी आहे,” एक जण म्हणाला.

खोटी काहीच नव्हती. चूक माझी. ह्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. वेटोळ्याच्या दोन टोकांपैकी एकाचे वार्निश सगळीकडून खरवडायचे, आणि दुसऱ्याचे मात्र एक बाजू सोडून. हा बारकावा चित्रफितीत एका वाक्यात निघून जातो, आणि मुलांनी दोन्ही टोके लख्ख घासून काढली होती. मी त्यांना कारण सांगितले नाही. चित्रफीत पुन्हा लावली, त्या ठिकाणी थांबवली आणि विचारले, “ह्याच्या हाताकडे बघा. काय करतोय?” एका मुलीच्या लक्षात आले. ती म्हणाली, “एक बाजू ठेवली त्यानं. पण सर, अर्धंच का काढायचं?”

श्रोतेहो, त्या दिवसाचा धडा ह्या प्रश्नात होता. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की वेटोळे स्वतःच चुंबक बनते. खालचे चुंबक त्याची एक बाजू ओढते, दुसरी ढकलते, आणि वेटोळे वळते. अर्धा फेरा झाला की बाजूंची अदलाबदल होते. आता तोच जोर त्याला उलट फिरवू पाहतो. म्हणून ते डुलते आणि थांबते. पण टोकाची एक बाजू वार्निशाची राहिली, तर नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते. उलटा जोर लागतच नाही. आधीच्या गतीने वेटोळे तसेच पुढे जाते, पुन्हा उघड्या तांब्याचा पिनेला स्पर्श होतो, पुन्हा धक्का मिळतो. दुकानात मोटारीची जी कार्बनची ब्रशे मिळतात, त्यांचे गुपित पुष्कळसे ह्याच जातीचे आहे. मुलांनी नवी तार घेतली, जपून खरवडली, आणि अकरापैकी आठ मोटारी फिरल्या. (सेल फार वेळ जोडून ठेवू नये, तापतो, हे मात्र मी आधी सांगितले होते.)

चित्रफीत फुकट होती, उत्तमही होती. पण ती पाहणे आणि ती मोटार समजणे ह्यांच्यामध्ये एक न फिरणारे वेटोळे यावे लागले.

दुसरे एक भांडार ह्याहून वेगळे आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन नावाचे शास्त्रज्ञ होते. आपल्या सत्येंद्रनाथ बोसांच्या नावाने ओळखले जाणारे द्रव्य प्रत्यक्ष प्रयोगशाळेत तयार केल्याबद्दल त्यांना 2001 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी 2002 साली ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. ह्यात संगणकाच्या पडद्यावरचे प्रयोग आहेत. नुसते पाहायचे नाहीत, आपण बोटाने करायचे. विजेचे मंडल जोडा, लोलक हलवा, अणू बांधा. ह्यांतील पुष्कळ प्रयोग मराठीतही आहेत, शाळांना ते मोफत वापरता येतात, आणि खेड्यातल्या शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकेक प्रयोग एकेका फाइलीत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो. मग वर्गात नेटवर्क असो वा नसो. तालुक्याला गेलात की उतरवून आणा, गावात लावा.

पण इथेही माझा एक हट्ट आहे. जे हाताने करता येते ते पडद्यावर करू नये, निदान आधी तरी करू नये. लोलकाचे उदाहरण घ्या. दोऱ्याला दगड बांधा, खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत लांबी 1 मीटर ठेवा, आणि 10 झोके मोजा. सुमारे 20 सेकंद लागतात. मुलांना विचारा, दोरा निम्मा केला तर किती लागतील? सगळा वर्ग ओरडतो, “दहा!” करून पाहा: लागतात 14. दहा सेकंद हवे असतील तर दोरा निम्म्याचा निम्मा, म्हणजे 25 सेंटिमीटर करावा लागतो. दगड जड घेतला तर? फरक नाही. ह्या दोन गोष्टींचे मुलांना जे आश्चर्य वाटते, ते स्वतः मोजल्याशिवाय वाटत नाही.

आता पडदा उघडा. कारण दगड घेऊन आपल्याला चंद्रावर जाता येत नाही, आणि तिथे जाता येते ह्या प्रयोगात. तोच 1 मीटरचा लोलक चंद्रावर 10 झोक्यांना सुमारे 49 सेकंद घेतो, गुरूवर साडेबारा. ज्या मुलाने खाली बसून वीस सेकंद मोजले आहेत, त्याला एकोणपन्नासचा अर्थ कळतो. ज्याने मोजले नाहीत, त्याला ते चित्र म्हणजे एक खेळ.

आणि चित्र कधी कधी फसवतेही. विजेच्या मंडलात इलेक्ट्रॉन लहान निळ्या गोळ्यांसारखे तारेतून सरकताना दाखवले आहेत. आमच्या एका मुलाने वहीत तार पोकळ काढली, आत गोट्या! दोष चित्राचा नव्हे, कारण काहीतरी दाखवावेच लागते. पण “हे चित्र आहे, तार नव्हे,” हे सांगायला तिथे मास्तर हवा.

मराठीतल्या साधनांबद्दलही दोन शब्द सांगतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 साली स्थापन झालेले. त्यांची प्राथमिक वर्गांसाठीची ‘स्मॉल सायन्स’ पुस्तकमाला मराठीतही आहे, आणि शिक्षकांनी ती जरूर चाळावी. नववी ते बारावीसाठी सी-डॅकच्या मुंबई केंद्राने अमृता विद्यापीठाबरोबर ‘ऑनलाइन लॅब्ज’ तयार केल्या आहेत. शब्द अडला, तर मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पडद्यावरच्या इंग्रजी शब्दाला आपल्या पुस्तकात कोणता शब्द आहे हे मुलांना जुळवून दिले नाही, तर पेंड्युलम वेगळा आणि लोलक वेगळा असे दोन पदार्थ त्यांच्या डोक्यात राहतात. ही थट्टा नाही, मी उत्तरपत्रिकांत पाहिले आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, हे आपल्याला ठाऊकच आहे. पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड चिकटवून त्यातून ध्वनिफिती नि चित्रफिती मुलांपर्यंत पोचवण्याची त्यांची कल्पना. आता पाठ्यपुस्तकात छापील कोड असतात. मात्र तो कोड उघडायला फोन लागतो. आमच्या शाळेतल्या कित्येक घरांत फोन एकच. तो वडिलांबरोबर पाळीवर जातो आणि रात्री नवाला परत येतो. तेव्हा “घरी जाऊन चित्रफीत बघून या” असा गृहपाठ मी देत नाही. जी मुले बघू शकत नाहीत ती दुसऱ्या दिवशी गप्प बसतात, आणि त्यांना विज्ञान येत नाही असे आपण समजतो. एकच फोन असला तरी चालेल, पण तो शाळेत, सर्वांच्या मध्ये असावा.

ह्या बाबतीत आकाशवाणीचाच एक जुना अनुभव आठवतो. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापली होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, संपल्यावर त्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. नुसता रेडिओ देऊन भागणार नाही हे त्या लोकांनी ओळखले होते. चर्चेला मुद्दाम वेळ राखला होता. वर्गात दहा मिनिटांची चित्रफीत लावायची तर मी वीस मिनिटे बोलण्यासाठी ठेवतो. तास तीस-पस्तीस मिनिटांचा असतो, म्हणजे दुसरी चित्रफीत लावायचा मोह आपोआप सुटतो.

आणखी एक साधन सांगून थांबतो, कारण ते पावसाळ्यात कामाला येते. ‘स्टेलेरियम’ नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे. संगणकावर एकदा बसवला की इंटरनेट नको. आपले गाव आणि तारीख घातली की त्या वेळचे आकाश पडद्यावर दिसते. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच राहते. सावंतवाडीकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईत मेच्या मध्यावर, नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात. पण मेमध्ये शाळांना सुटी! परतीचा दिवस नागपूरला जुलैच्या मध्याच्या थोडा पुढे, मुंबईत जुलैच्या शेवटी, सावंतवाडीला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा शाळा असते, आणि आकाशात ढग.

म्हणून आम्ही आधी पडद्यावर पाहतो. सूर्य कसा चढतो, आणि डोक्यावर बाराला न येता मुंबईत पाऊणच्या सुमारास का येतो. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले, मुंबई त्र्याहत्तरच्या जवळ. अंशाला चार मिनिटे, म्हणजे ह्यातच अडतीस मिनिटे गेली. उरलेली मिनिटे पृथ्वीच्या चालीची. ती जुलैत साडेसहाच्या आसपास आणि मेमध्ये उलट्या बाजूने तीन-चार, म्हणून मेमध्ये हीच वेळ बारा पस्तीसच्या आसपास येते. हे गणित मुले फळ्यावर स्वतः करतात. मग शाळेच्या गच्चीवर सरळ बाजूंची एक बाटली पाणी भरून उभी ठेवायची, आणि साडेबारापासून ढगांकडे बघत बसायचे. गेल्या जुलैत तीन दिवस काही दिसले नाही. चौथ्या दिवशी बारा त्रेचाळीसला ढग फाटले, चार मिनिटे ऊन पडले, आणि बाटलीच्या तळाशी, पाण्यामुळे चमकणारा एक ठिपका सोडला तर, काहीही नव्हते.