‘आग’, ‘दाह’ आणि मेदजन्य दूतद्रव्ये

जालना जिल्ह्यातील एखादा शेतकरी वा मजूर आपले दुखणे सांगू लागला म्हणजे ‘आग’ हा एकच शब्द अनेक ठिकाणी योजतो. गुडघ्याची आग होते, पोटात आग पडते, तळपायांचीही आग होते. ही रीत एकट्या जालन्याची नव्हे, सर्व मराठीची होय. परंतु भर उन्हात कापसाच्या रानात खपणाऱ्या किंवा ऊसतोडणीसाठी परमुलुखी जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिला विशेष महत्त्व येते. कारण गुडघ्याची आग शमविण्यासाठी तो दुकानातून जी वेदनाशामक गोळी आणतो, तीच त्याच्या पोटातील आग वाढवू शकते. एकाच औषधाने एक आग विझावी आणि दुसरी भडकावी, हे कसे? प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि या प्रश्नात शब्द आणि वस्तू यांची गुंतागुंत अशी आहे की, एकीचा विचार दुसरीवाचून होऊ शकत नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठी वैद्यकीय लेखनात या विकारास कोठे ‘दाह’ तर कोठे ‘शोथ’ म्हटलेले आढळते. ‘दाह’ हा दह् म्हणजे जाळणे या धातूपासून, आणि ‘शोथ’ हा श्वि म्हणजे फुगणे या धातूपासून आलेला आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने लाली, सूज, उष्णता व वेदना अशी चार लक्षणे सांगितली होती. आपल्या दोन संज्ञांनी त्यांपैकी एकेक लक्षण तेवढे उचलले आहे. दोन्ही संज्ञा लक्षण सांगतात, कार्य सांगत नाहीत. वस्तुतः दाह हा मुळात शरीराच्या संरक्षणाचा व्यापार आहे. तो अस्थानी घडला किंवा वेळेवर थांबला नाही, म्हणजे त्याचा रोग होतो.

हा व्यापार चालविणाऱ्या द्रव्यांत मेदापासून बनणाऱ्या द्रव्यांचा एक मोठा वर्ग आहे. पेशीच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्ल हे मेदाम्ल बांधलेले असते. इजा वा संसर्ग झाला की ते सुटे होते व त्यापासून प्रोस्टाग्लँडिने, ल्युकोट्राइने इत्यादी द्रव्ये तयार होतात. ती बहुधा जवळच्याच पेशींना निरोप पोहोचवून लवकर नाश पावतात. म्हणून त्यांना येथे ‘दूतद्रव्ये’ म्हटले आहे. त्यांच्यापैकी काही रक्तवाहिन्या रुंदावतात, काही वेदनेची जाणीव तीव्र करतात, काही पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात.

यांची नावेही चकवणारी आहेत. ‘ॲराकिडॉनिक’ या नावात भुईमुगाचे शास्त्रीय नाव ‘ॲराकिस’ दडलेले आहे; पण हे आम्ल शेंगदाण्याच्या तेलात नसते. त्या तेलात थोड्या प्रमाणात असणाऱ्या दुसऱ्या एका वीस-कार्बनी आम्लाच्या नावावरून हे नाव बेतले गेले. स्वीडिश शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर याने 1935 साली ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नाव दिले, ते हे द्रव्य प्रोस्टेट ग्रंथीतून येते अशा समजुतीने. पुढे ते शरीरातील बहुतेक ऊतकांत आढळले. या वर्गाचे ‘आयकोसॅनॉइड’ हे नाव मात्र सार्थ आहे. त्यातील ‘आयकोसी’ म्हणजे ग्रीक भाषेतील वीस. आणि ते संस्कृत ‘विंशति’चे व म्हणून आपल्या ‘वीस’चेही सगोत्र होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 1971 साली जॉन व्हेन याने दाखवून दिले की, ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. या विषयातील संशोधनाबद्दल 1982 चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन व व्हेन या तिघांना विभागून मिळाले. परंतु गुडघ्यात ठणका उत्पन्न करणारी प्रोस्टाग्लँडिनेच जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात, आणि शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघा व जठर यांतील भेद कळत नाही. म्हणून ती वारंवार घेणाऱ्यास जठरव्रण होऊ शकतो; आणि उन्हाळ्यात घामाने शोषलेल्या माणसाच्या मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. काही दमेकऱ्यांत तर ॲस्पिरिनने एक वाट बंद होताच ल्युकोट्राइनांची निर्मिती वाढते, श्वासनलिका आकुंचन पावतात व धाप लागते.

मराठीत ‘सूज ओसरली’ असे आपण म्हणतो, जणू ती पुरासारखी आपोआप उतरते. शास्त्रज्ञांचीही पुष्कळ काळ अशीच कल्पना होती. अलीकडील संशोधनाने दाखविले की, दाह संपविणे हेही शरीराचे सक्रिय कार्य असून त्यासाठी ‘रिझॉल्व्हिन’सारखी वेगळी मेदजन्य द्रव्ये निर्माण होतात. दाहास क्रम असतो, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. त्यात आजचे रसायन शोधू नये. पण अवस्था ओळखून उपचार करावा, हा त्यातील विवेक दुर्लक्षणीय नाही.

यावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, या द्रव्यांना सरसकट ‘दाहकारक’ म्हणू नये; त्यांतील काही रक्षक आहेत, काही शामक आहेत, आणि एकच द्रव्य स्थानपरत्वे दोन्ही असू शकते. दुसरी अधिक व्यावहारिक आहे. रुग्ण ‘आग होते’ म्हणाला की ती कोठे, केव्हापासून, आणि कोणती गोळी घेतल्यावर, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पोटातील आग ही गुडघ्याच्या आगीचीच ‘उष्णता’ समजून जो आणखी एक गोळी घेतो, त्याची चूक अज्ञानाइतकीच भाषेचीही आहे. ती दुरुस्त करण्याचे काम केवळ वैद्यांवर सोपवून भाषाभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.