झिजलेला क्लच: पोर्शे ९४४ च्या निमित्ताने

आजचा विषय तसा गॅरेजमधला आहे. जुनी, वेगवान गाडी, आणि तिचा क्लच संपलाय. बदलायचा. ऐकायला एका ओळीचं काम वाटतं. ते तसं का नाही, हे एका खऱ्या गाडीवरून बघू: पोर्शे ९४४. ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात बनली. म्हणजे आज जी कुठली ९४४ रस्त्यावर दिसेल, ती तिशी ओलांडलेली आहे.

आधी मूळ गोष्ट. इंजिनला चिकटून फिरतं ते फ्लायव्हील. त्याच्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये सँडविचसारखी दाबलेली क्लच प्लेट, जिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की बसते. क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: दाब किती, घर्षण किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती, आणि घासणारे पृष्ठभाग किती, जे इथे दोन आहेत. समजा दाब ५००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर. गुणाकार करा, २८५ न्यूटन-मीटर येतात. हे आकडे मी फक्त हिशेबासाठी घेतलेत. पण साध्या ९४४ चं अडीच लिटरचं इंजिन सुमारे २०५ न्यूटन-मीटर देतं, म्हणजे असा क्लच तिला पुरून उरेल. आता त्याच अस्तरावर तेल गेलं आणि घर्षणांक ०.२ वर आला तर? १९०. झालं, क्लच घसरायला लागला. लक्षात घ्या, अस्तर अजून झिजलेलंही नाही.

म्हणून पहिला प्रश्न "कुठला क्लच आणू?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "नक्की बिघडलंय काय?"

तीन वेगळे आजार असतात. एक, क्लच घसरतो. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि स्पीडचा जागेवर राहिला, तर घसरतोय. वरच्याच गिअरमध्ये का? कारण खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेते आणि इंजिन जास्तीत जास्त टॉर्कच्या पट्ट्यातून क्षणात निघून जातं. वरच्या गिअरमध्ये ते तिथेच बराच वेळ जोर लावत राहतं.

दोन, क्लच सुटत नाही. पेडल खाली जातं, पण गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो. इथे बऱ्याचदा दोष हायड्रॉलिकचा असतो: मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, नळीतली हवा. स्लेव्ह सिलिंडर बाहेरून बदलता येतो. तो न तपासता कुणी गिअरबॉक्स उतरवला, तर दोन दिवस फुकट गेलेच, वर दुखणंही तसंच राहिलं.

तिसरा आजार खास या गाडीचा. ९४४ च्या मूळ क्लच प्लेटच्या मध्यभागी, हब आणि अस्तर यांच्यामध्ये, रबराचा जाड भाग असतो. चार सिलिंडरचं मोठं इंजिन झटके देतं, ते जिरवण्यासाठी. रबर नवं असताना हे फार छान चालतं. तीस वर्षांनी तेच रबर कडक होतं, तडकतं, त्याचे तुकडे सुटतात. मग अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना ठक्क असा धक्का बसतो, आणि एक दिवस इंजिन चालू असून गाडी जागची हलत नाही. तेही भर हायवेवर होऊ शकतं. बेलहाउसिंगला रबरी बुचाची एक छोटी खिडकी असते, तिथून अस्तराच्या झिजेचा अंदाज घेता येतो. पण रबराची अवस्था त्या खिडकीतून कळत नाही. म्हणून "गाडी फार कमी चाललीय" हे विकणाऱ्याचं वाक्य इथे उपयोगाचं नाही. अस्तर किलोमीटरने झिजतं, रबर वर्षांनी.

आता काम इतकं मोठं का? तर वजन पुढेमागे सारखं वाटलं जावं म्हणून या गाडीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे. दोघांना जोडणारी लांब नळी, टॉर्क ट्यूब, आणि तिच्या आत फिरणारा बारीक शाफ्ट. क्लच मात्र पुढे, इंजिनपाशी. म्हणजे क्लचपर्यंत जायचं तर उलट्या टोकापासून सुरुवात. सायलेन्सर आणि एक्झॉस्टचे पाइप काढा, अॅक्सल सोडवा, गिअरची जोडणी सोडवा, गिअरबॉक्स उतरवा, टॉर्क ट्यूब मागे सरकवा, मग बेलहाउसिंग निघतं, आणि मग कुठे क्लच दिसतो. रिलीज फोर्कचा दांडा गंजून अडकलेला असेल तर आणखी अर्धा दिवस.

दोन सावधगिऱ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. मजबूत स्टँड लावा आणि हलवून बघा. दुसरी गोष्ट, आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जर्मनीत अॅस्बेस्टॉसवर बंदी आली १९९३ मध्ये, आणि ही गाडी त्याआधीची. मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आणखी एक जागा, जिथे भलेभले अडकतात. बेलहाउसिंगवर दोन सेन्सर असतात. एक फ्लायव्हीलचे दाते मोजतो, दुसरा फ्लायव्हीलवरची एक खूण ओळखतो. ठिणगी कधी पाडायची हे इंजिनच्या कॉम्प्युटरला यांच्यावरून कळतं. जुन्या वायरींचं प्लास्टिक हात लावला की मोडतं. परत बसवताना कनेक्टरची अदलाबदल झाली, किंवा सुमारे ०.८ मिलिमीटरचं अंतर चुकलं, तर क्लच नवाकोरा आणि इंजिन सुरूच होत नाही! म्हणून काढण्याआधी वायरींवर खुणा करा, फोटो घ्या.

आत गेल्यावर काय काय बदलायचं? इथे हिशेब सरळ आहे. खर्च सुट्या भागांचा कमी, तिथे पोचण्याचा जास्त. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट हे सगळं याच वेळी बदलायचं. सील राहिलं आणि वर्षभरात गळायला लागलं, तर मघाचा हिशेब आठवा: नव्या अस्तरावर तेल, आणि पुन्हा सगळं उतरवा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर नुसतं पुसून बसवू नका, तज्ज्ञाला दाखवा.

बसवताना क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने बरोबर मध्यात धरायची, नाहीतर शाफ्ट आत जाणार नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. खाचांना ग्रीस अगदी पुसटसं. जास्त लावलं तर फिरताना उडून अस्तरावरच जातं. आणि पहिले काहीशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवा. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांवर बसायला वेळ लागतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: रबराऐवजी स्प्रिंगवाली प्लेट चालेल का?)

चालते, पुष्कळ लोक तीच बसवतात. स्प्रिंग वयाने रबरासारखी तडकत नाही. पण न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून थोडी खडखड ऐकू येते. तो बिघाड नाही. रबर जो आवाज गिळत होतं, तो आता तुमच्यापर्यंत येतोय, एवढंच. शांतता हवी की भरवसा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल, तर तिशीच्या गाडीत मी भरवसा घेईन.