राज्यपालाला आपण मत का देत नाही?

अमेरिकेतल्या निवडणुकीच्या बातम्या सुरू झाल्या की बीडच्या चहाच्या हॉटेलात कोणी ना कोणी विचारतोच, "तिकडं गव्हर्नरला लोक मतं देतात, मग आपला राज्यपाल डायरेक्ट दिल्लीहून कसा येतो?" प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेत गव्हर्नर हाच राज्याचा खरा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. पक्ष आधी आपसात मतदान घेऊन उमेदवार ठरवतात, मग जनता निवडते. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. व्यवहारात म्हणायचं तर केंद्र सरकार नेमतं.

पण आपल्याकडेही राज्यपाल निवडून द्यायचं जवळपास ठरलं होतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. 1947 साली सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शिफारस केली की प्रांताचा गव्हर्नर थेट जनतेने निवडावा. संविधान सभेने ते मान्यही केलं. 1948 च्या मसुद्यात दोन पर्याय छापले गेले : एक तर थेट निवडणूक, नाहीतर विधिमंडळाने चार नावं निवडावीत आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक नेमावं.

मे 1949 च्या अखेरीस सगळं उलटलं. बिहारचे ब्रजेश्वर प्रसाद यांनी नेमणुकीची दुरुस्ती मांडली, पंडित नेहरूंनी तिला पाठिंबा दिला. युक्तिवाद साधा होता. लाखो मतं घेऊन आलेला राज्यपाल मुख्यमंत्र्याचं का ऐकेल? दोघंही म्हणतील, जनता माझ्या मागे आहे. शिवाय निवडणूक आली की पक्षाचं तिकीट आलं, तिकीट आलं की गटबाजी आली. पक्षाबाहेरचा, बिनभांडणाचा माणूस हवा असेल तर तो नेमलेलाच बरा, असं ठरलं. तो माणूस पुढे खरंच पक्षाबाहेरचा राहिला का, ते वाचकांनी गेल्या काही वर्षांतल्या बातम्यांवरून ठरवावं.

ही चर्चा दिल्लीत चालली होती तेव्हा बीड हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर इथे लष्करी गव्हर्नर होते, मेजर जनरल जे. एन. चौधरी. ज्या घरांनी त्या दिवसांत माणसं गमावली, तिथे 'गव्हर्नर' या शब्दाची आठवण वेगळीच आहे. 26 जानेवारी 1950 पासून हैदराबाद राज्याला राज्यपाल नव्हताच, राजप्रमुख होता, आणि ते होते खुद्द निजाम मीर उस्मान अली खान. म्हणजे 1952 च्या पहिल्या निवडणुकीत बीडकरांनी आमदार-खासदारांना मत दिलं, पण राज्याच्या प्रमुखपदी काल-परवापर्यंतचे बादशहाच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा राजप्रमुखपद संपलं.

स्वतंत्र भारतात एकाच राज्याने आपला प्रमुख खरोखर निवडला : जम्मू-काश्मीर. तिथल्या पदाचं नाव 'सदर-ए-रियासत'. 1952 मध्ये तिथल्या सभागृहाने महाराजांचे चिरंजीव करण सिंह यांना निवडलं. 1965 मध्ये ते पद जाऊन तिथेही नेमलेला राज्यपाल आला.

महाराष्ट्राच्या राजभवनात मुस्लिम राज्यपाल अनेकदा आले : हैदराबादचेच अली यावर जंग, सादिक अली, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, मोहम्मद फजल. मुंबईत वांद्र्याच्या मूकबधिर संस्थेवर अली यावर जंग यांचं नाव आजही आहे. मतदानाने राज्यपाल ठरला असता तर यातलं कोणी आलं असतं का, सांगता येत नाही. पण नेमणुकीचा मान वेगळा आणि कायदे करणाऱ्या सभागृहातली खुर्ची वेगळी.

त्या खुर्चीचा धागाही राज्यपालांपर्यंत जातो. विधान परिषदेच्या 78 पैकी 12 जागा राज्यपाल भरतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतली माणसं घ्यावीत, असं संविधान सांगतं. नावं मात्र मंत्रिमंडळ पाठवतं, म्हणजे सत्तेतले पक्ष आपसात वाटून घेतात. 1949 मध्ये ज्या तिकिटाला पुढच्या दाराने अडवलं, ते इथे मागच्या दाराने आत आलं. नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडीने पाठवलेली 12 नावं राजभवनात तशीच पडून राहिली आणि 2022 मध्ये नव्या सरकारने यादीच मागे घेतली.

आपल्या समाजाला याचा फरक थेट पडतो. जुलै 2024 मध्ये आपल्या शेजारच्या पाथरीचे बाबाजानी दुर्राणी आणि वजाहत मिर्झा यांची मुदत संपली आणि विधान परिषदेत एकही मुस्लिम सदस्य उरला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर व्हायच्या दिवशीच, राज्यपाल नियुक्त सात जणांनी शपथ घेतली. त्यात मिरजेचे इद्रिस नायकवडी होते. सातांत मुस्लिम ते एकटेच.